चेहऱ्यावर प्लास्टिक चढतं म्हणे!

परवा नाशिकहून ताईचा फोन आला. वांगाचे डाग परत गडद व्हायला लागलेत म्हणाली. म्हटलं सनस्क्रीन लावतेस ना नीट? तर म्हणे ते महिनाभरापूर्वीच बंद केलं, "त्यात प्लास्टिक असतं अगं, आईनेच टाकलं होतं ग्रुपवर, तू काही वाचत नाहीस का?" मग ग्रुपवर मागे जाऊन जाऊन तो मेसेज शोधला आणि डोकं असं सणकलं की म्हटलं आता लिहूनच टाकते.

तुमच्याकडेही आला असेल तो. थोडक्यात असा: सनस्क्रीन आणि वॉटरप्रूफ मेकअपमध्ये 'ॲक्रिलेट्स कोपॉलिमर' नावाचं प्लास्टिक असतं, भिंतीच्या रंगात असतं तेच. त्याचा थर बसला की त्वचेला श्वास घेता येत नाही. ते २६ सेकंदांत रक्तात उतरतं. पुरावा हवा तर काचेवर सनस्क्रीन लावून वाळू द्या, पापुद्रा सोलून निघेल. त्यापेक्षा खोबरेल तेल, चिमूटभर हळद आणि लिंबाचे चार थेंब लावा आणि बिनधास्त उन्हात जा. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

भिंतीच्या रंगाचं आधी घेते, कारण मी पाच वर्षं एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये काढलीत आणि ॲक्रिलिक इमल्शनचा वास अजून नाकात आहे. हो, घराणं एकच आहे. पण कणकेची पोळी होते आणि पोस्टर चिकटवायची खळही होते, म्हणून पोळी खाल्ली की पोटात पोस्टर चिकटतात का? पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब माळ, बस. स्टार्च पॉलिमर, डिंक पॉलिमर, अळशीचा तो बुळबुळीत जेल जो केसांना लावतात तोही पॉलिमरच. आणि बेटाडीन! त्यातलं 'पोविडोन' म्हणजे पीव्हीपी, एक अस्सल सिंथेटिक पॉलिमर, हेअरस्प्रेत आणि मेकअपमध्ये पापुद्रा धरायला वापरतात तेच. उघड्या जखमेवर ते लावताना कुणाला प्लास्टिक आठवत नाही.

मुळात सनस्क्रीनवाले हे पॉलिमर घालतात कशाला, हे त्या मेसेजवाल्याला विचारायचंही सुचलं नाही. त्वचा काही काचेसारखी सपाट नसते, तिच्यावर रेघा आहेत, खाचा आहेत, उंचवटे आहेत. नुसतं क्रीम लावलं की ते खाचांत जाऊन बसतं आणि उंचवटे उघडे राहतात, ऊन तिथूनच आत शिरतं. हे पॉलिमर म्हणजे 'फिल्म-फॉर्मर', पापुद्रा धरणारे; क्रीममधलं पाणी उडालं की ते एकमेकांना धरून पातळ पापुद्रा करतात आणि ऊन अडवणारे घटक जागच्या जागी सारखे पसरवून ठेवतात, घामाने ओघळू देत नाहीत. आमची आजी कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायची आणि मग त्यावर पिंजर, मेण नसेल तर दुपारपर्यंत कुंकू नाकावर. मेण काही पॉलिमर नाही, पण काम तेच.

काचेचा प्रयोग मीही करून बघितला. निघतो पापुद्रा. मग शेजारच्याच काचेवर अंड्याचा पांढरा भाग वाळवला, त्याचाही निघाला. पुढे काय?

आता २६ सेकंद. हा आकडा कुठून आला देव जाणे, पण सगळ्यात जास्त भीती ह्यानेच घातली ताईला. बॉस आणि माइनार्डी ह्या दोघांचा २००० सालचा एक प्रसिद्ध पेपर आहे, त्वचाविज्ञानात '५०० डाल्टनचा नियम' म्हणून ओळखतात. डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक, पाण्याचा रेणू १८, निकोटीन १६२. त्यांनी काय दाखवलं, तर ज्या गोष्टींची त्वचेवर ॲलर्जी येते, जी मलमं खरंच आत जाऊन काम करतात, जी औषधं पट्टीसारखी चिकटवून देता येतात, त्या जवळपास सगळ्यांचे रेणू ५०० च्या खाली आहेत. त्याच्या वर गेलं की धडधाकट त्वचेतून आत शिरणं महामुश्कील. आणि हे पॉलिमर किती वजनाचे? हजारो, कित्येकदा लाखो डाल्टन. आमचे बाबा रोज पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेतात. इन्सुलिनचा रेणू साधारण ५८०० डाल्टनचा, म्हणजे ह्या पॉलिमरांपुढे पोरगेलाच. एवढी लांबलचक माळ २६ सेकंदांत कातडीतून रक्तात जात असती तर बाबांनी इन्सुलिनचं क्रीम चोळलं असतं ना, सुई कशाला टोचली असती? आई रोज समोर बसून ते बघते आणि तरी हा मेसेज पुढे पाठवते, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

बरं, इथे एक गोष्ट कबूल करावी लागते, नाइलाजाने. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये २४ जणांना चार दिवस भरपूर सनस्क्रीन लावून रक्त तपासलं तेव्हा ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन वगैरे सापडले होते. पण ते ऊन अडवणारे फिल्टर, पॉलिमर नव्हेत, आणि त्यांचे रेणू बघा, ॲव्होबेन्झोन ३१० आणि ऑक्सिबेन्झोन २२८, म्हणजे नियमात बसणारेच. रक्तात सापडलं म्हणजे अपाय झाला असं त्या अभ्यासात कुठे म्हटलेलं नाही, उलट सनस्क्रीन लावणं थांबवू नका असंच सांगितलंय. तरी धाकधूक वाटत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, विषय संपला.

त्वचेचा श्वास! श्वास फुफ्फुसं घेतात. ह्यातही पाव आणे खरं आहे म्हणा, २००२ च्या एका अभ्यासात त्वचेचा वरचा पाव ते ०.४ मिलिमीटर भाग ऑक्सिजन जवळपास सगळा बाहेरच्या हवेतूनच घेतो असं आढळलंय. पण लॅबमध्ये एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडतं त्याचा आकडा, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात, तो ओला थर होतो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, वाळला की आणखी पातळ, आणि आपण त्याच्या निम्मंसुद्धा लावत नाही. तो काही चिकटपट्टीसारखा सीलबंद नसतो. मे महिन्यात सनस्क्रीन लावून दादरला पुलावर उभं राहा, घाम येतो की नाही ते कळेलच.

पर्यावरणाचा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच, असता तर मी जरा गप्प बसले असते. युरोपने २०२३ मध्ये वस्तूंत मुद्दाम घातलेल्या मायक्रोप्लास्टिकवर (प्लास्टिकच्या बारीक कणांवर) बंदीचा नियम केलाय आणि सौंदर्यप्रसाधनांना टप्प्याटप्प्याने मुदत दिलीय. तो वाद खरा आहे. पण तो नदी-समुद्राचा वाद आहे, ताईच्या रक्ताचा नाही.

आणि आता तो 'उपाय', ज्यामुळे मी खरी भडकले. लिंबू. उन्हात. चेहऱ्यावर!! लिंबात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं की अक्षरशः भाजतं, तेही लगेच नाही, एकदोन दिवसांनी लाली आणि फोड येतात आणि मागे राहतात काळपट डाग, आठवडे, कधीकधी महिनेच्या महिने. परदेशात उन्हात उभं राहून लिंबं पिळणाऱ्या बारवाल्यांचे हात असे भाजल्याच्या केसेस डॉक्टरांना चांगल्या ठाऊक आहेत. तिकडे ज्याला लाइम म्हणतात त्याच्यातच आपलं कागदी लिंबू येतं, आणि ह्या बाबतीत ते जास्त बदनाम. वांगाचे डाग असलेल्या बाईला हे लावून उन्हात जायला सांगणं म्हणजे पोळलेल्या हातावर निखारा ठेवणं आहे. ताईने नशिबाने लिंबू घरात नव्हतं म्हणून नुसतं तेल आणि हळद लावली.

खोबरेल तेलाचा एसपीएफ ७ असं जे सांगतात ते रायपूरच्या संशोधकांच्या २०१० च्या पेपरमधून आलंय. आकडा खरा आहे, पण तो तेल अल्कोहोलमध्ये पातळ करून यंत्रात मोजलेला, कुणाच्या गालावर नाही. गालावर तेल बसत नाही, खाचांत उतरतं, घामाबरोबर पदराला लागतं. पापुद्रा धरणारं त्यात काहीच नाही, म्हणजे ज्याला नावं ठेवली नेमकं तेच नाही!

ताईला म्हटलं डॉक्टरांनी दिलेलं ते रंगाचं सनस्क्रीन परत चालू कर, त्यातलं आयर्न ऑक्साइड उजेडही अडवतं, वांगाला ते लागतंच. लावल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नकोस, पापुद्रा बसू दे, टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, आणि उन्हात असलीस तर दोन तासांनी परत लाव. "आणि त्या तेलाचं काय करू, दोन लिटरचा डबा आणलाय," म्हणे. म्हटलं ठेव की, रात्री तोच पापुद्रा काढायला तेलासारखं काही नाही, दोन थेंब चोळ आणि फेसवॉशने धू.