डीएफ म्हणतो भरलं, डीयू म्हणतो कुठं?

आपल्या पोटात जागा संपत आली आहे, हे वेळेवर सांगायची सवय सर्व्हरला नसते. डिस्क 90 टक्के भरली तरी हा गप्प, 98 टक्के भरली तरी गप्पच. शंभर टक्के झाली की मात्र एकाएकी कंठ फुटतो आणि जाहीर करतो की जागा शिल्लक नाही. लिनक्समध्ये या एररचा क्रमांक 28 आहे. हा 28 नंबर मुहूर्त बघून येतो. डेटाबेस काहीतरी महत्त्वाचं लिहीत असतो, आपण उठून जायच्या बेतात असतो आणि ज्याला हे सगळं कळतं तो माणूस रजेवर असतो.

अशा वेळी टर्मिनल उघडावं आणि फोल्डरचं लांबलचक नाव पुरं करून घ्यायला टॅब दाबावा, तर कधीकधी आपल्या कमांडी वाचणारा बॅशच कुरकुरतो, की तात्पुरती फाइल बनवायला जागा नाही. म्हणजे जागा कुठं गेली हे शोधायलाही आधी थोडी जागा लागते. ही अट कुणी घातली ते विचारू नका.

मग आपण डीएफला, म्हणजे डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या कमांडला, हाक मारतो. सोबत हायफन एच लावायचं, नाहीतर तो आकडे किलोबाइटमध्ये फेकतो आणि आपण स्क्रीनवर बोट ठेवून एकं, दहं, शतं करत बसतो. एच लावल्यावर आकडे माणसात येतात, पण यादी माणसात येत नाही. वरच्या बऱ्याच ओळी टीएमपीएफएसच्या. त्यांचा मुक्काम मेमरीत, डिस्कशी देणंघेणं नाही, तरी हजेरीला पुढं. उबंटू असेल तर लूप नावाच्या ओळींची रांग, आणि प्रत्येकीपुढं 100 टक्के! नवखा माणूस इथंच घाम पुसायला लागतो. खरं तर ती स्नॅपची, म्हणजे उबंटूवर बसवलेल्या प्रोग्रामांची, पॅकेजं असतात, ठासून भरलेली आणि फक्त वाचायची. ती जन्मतःच शंभर टक्के असतात. खरी डिस्क या गर्दीत मध्येच कुठंतरी एका ओळीत उभी असते.

डिस्क भरली हे डीएफनं सांगितलं. कशानं भरली हे तो सांगत नाही, ते खातं डीयू या दुसऱ्या कमांडकडं. दोघंही 1971 सालच्या पहिल्यावहिल्या युनिक्सपासून नोकरीत आहेत, आणि इतकी वर्षं शेजारी बसूनही त्यांचं एकमेकांशी जमत नाही. डीएफ हा गादीवरचा मुनीम. फाइलसिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेच्या, वहीत शेवटची बेरीज बघतो आणि क्षणात आकडा सांगतो. डीयू दारोदार फिरून माणसं मोजणारा. प्रत्येक फोल्डरचं दार वाजवणार, प्रत्येक फाइलला विचारणार, मग बेरीज करणार. मुळापासून सोडला तर आपण उठून चार कामं करून येतो, तरी हा फिरतोच आहे.

बरं, नुसता सोडला तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा हिशेब छापत जातो. त्याला आवरायला हायफन एस लावायचं आणि पुढं 'इथलं सगळं' या अर्थाचं तारांकन द्यायचं. ते तारांकन टिंबानं सुरू होणारी नावं घेत नाही, आणि गबर झालेली कॅशे, म्हणजे प्रोग्रामांचा तात्पुरता साठा, नेमकी टिंबाआड बसलेली असते. सगळं मोजून बेरीज किरकोळ येते आणि आपण डिस्ककडंच संशयानं बघायला लागतो. सूडो, म्हणजे मालकाचे अधिकार, नसेल तर निम्मी दारं 'परवानगी नाही' म्हणून तोंडावर बंद. सूडो असेल तर तो प्रॉकमध्ये, म्हणजे चालू प्रक्रियांच्या फोल्डरात, शिरतो आणि तिथल्या प्रक्रिया दार उघडेपर्यंत मरून गेलेल्या असतात, त्या प्रत्येकीची मृत्युवार्ता स्क्रीनवर. शिवाय बॅकअपची बाहेरची डिस्क जोडलेली असली तर तिचंही ओझं आपल्याच माथी मारतो. हे टाळायला हायफन एक्स लावायचं, म्हणजे तो या फाइलसिस्टिमची वेस ओलांडत नाही. हाच एक्स डीएफला लावला तर त्याचा अर्थ 'अमुक प्रकार वगळ' असा होतो. सख्खे शेजारी, पण एक अक्षर सारख्या अर्थानं वापरतील तर शपथ.

उत्तरं आली की ती क्रमानं लावायची. क्रम लावणारी साधी सॉर्ट कमांड आकडा बघते, पुढचं एकक बघत नाही. तिच्या लेखी 980 के (किलोबाइट) हे 2 जीपेक्षा (गिगाबाइट) फार मोठं. एकक ओळखायची अक्कल लिनक्सवर चालणाऱ्या जीएनयूच्या सॉर्टला 2009 साली आली. तोवर लोक काय करत होते? मेगाबाइटमध्ये मोजत होते आणि मनातल्या मनात बोलत होते.

आता खरी गंमत. डीएफ सांगतो 50 जीबी वापरात आहेत. डीयूची बेरीज येते 30. मधले 20 जीबी कुठं गेले? दोघंही खोटं बोलत नाहीत, हाच तर वैताग आहे. एकजण खोटारडा निघाला असता तर काम सोपं होतं.

बहुतेक वेळा प्रकरण असं निघतं. कुणीतरी प्रोग्रामच्या नोंदींची फुगलेली लॉग फाइल पाहिली, कर्तव्यदक्षतेनं आरएम केली, म्हणजे पुसली, आणि हात झटकले. पण ती फाइल एका प्रोग्रामनं उघडी धरून ठेवलेली होती. युनिक्समध्ये फाइल पुसली म्हणजे यादीतलं नाव गेलं. जोवर कुणी तिला धरून आहे तोवर ती डिस्कवरची जागा सोडत नाही. उलट, प्रोग्राम त्या बेनाम फाइलीत आणखी लिहीत राहतो. डीयूला नावच सापडत नाही, म्हणून तो मोजत नाही. डीएफच्या वहीत जागा अडकलेली असते, म्हणून तो मोजतो. उघड्या फाइलींची यादी देणारा एलएसओएफ चालवला की शेवटी 'डिलीटेड' असा शेरा मारलेली ही मंडळी सापडतात. सर्व्हिस रीस्टार्ट केली की 20 जीबी एका फटक्यात परत. मुळात फाइल पुसण्याऐवजी जागच्या जागी शून्यावर आणली असती तर हे घडलंच नसतं. पण डिस्क भरल्यावर माणसाचा हात आरएमकडंच जातो.

दुसरा प्रकार याहून पाताळयंत्री. बॅकअपची डिस्क जोडलेली नसताना बॅकअप चालतो आणि सगळा माल मुख्य डिस्कवरच्या त्या रिकाम्या फोल्डरात ओततो. मग डिस्क त्याच फोल्डरावर जोडली जाते आणि आधीचा माल तिच्याखाली झाकला जातो. फोल्डर समोर दिसतो, उघडतोही, आत फाइलीही असतात. फक्त त्या वेगळ्याच डिस्कवरच्या. डिस्क काढून बघेपर्यंत तुम्ही डीयूला कितीही शिव्या द्या, त्याला दिसणार नाही.

शिवाय मुनीमजींची स्वतःची एक खोड आहे. वापरलेली आणि मोकळी जागा मिळवली तर एकूण जागा येत नाही. लिनक्सची ईएक्सटी4 फाइलसिस्टिम सहसा 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मालक खात्यासाठी, राखून ठेवते. हेतू चांगला आहे. डिस्क भरली तरी मालकाला आत शिरून आवराआवर करता यावी. पण मोठ्या डेटा डिस्कवर, जिथं रूट कधी फिरकत नाही, तिथंही हे आरक्षण चालू असतं. ट्यून2एफएस या कमांडनं ते कमी करता येतं. एक टेराबाइटची डिस्क 931 गिगाबाइट का दिसते, ते भांडण हजार आणि 1024 यांचं आहे. त्यात पडू नये.

सगळ्यात वाईट दिवस मात्र तो, जेव्हा डीएफ 40 टक्के जागा मोकळी दाखवतो आणि तरी 28 नंबर येतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत! इथं डीएफला हायफन आय लावून विचारावं लागतं, की आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीचे खाने, किती उरले? उत्तर: शून्य. प्रत्येक फाइलीला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी4 मध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, सहसा दर 16 किलोबाइटमागं एक. एखादा प्रोग्राम सेशनच्या चिमुकल्या फाइली बनवत राहिला आणि पुसायला विसरला, की जागा असून आयनोड संपतात. त्या फोल्डरात जाऊन आरएम आणि तारांकन द्यावं, तर उत्तर येतं की यादी फार लांब आहे. मग फाइली शोधणाऱ्या फाइंडला डिलीट सांगून बसायचं. तो पुसत राहतो, आपण दर मिनिटाला आयनोड मोजत राहतो आणि टक्का शंभरावरून हलायला तयार नसतो.

अखेर हलतो. जागा होते, सर्व्हिस उठते, लोकांचे फोन थांबतात. मी समाधानानं डीएफ मारतो आणि मोकळी जागा माझ्या डोळ्यांदेखत कमी होताना दिसते. डीयू पुन्हा दारोदार पाठवला तर तो लॉगच्या फोल्डरावर बोट ठेवतो. आत एक नवीकोरी फाइल भरभर वाढत असते. मघापासून तुंबलेला एक प्रोग्राम जागा मिळताच कामाला लागलेला असतो आणि लिहीत असतो, की डिस्कवर जागा शिल्लक नव्हती, डिस्कवर जागा शिल्लक नव्हती, डिस्कवर जागा शिल्लक नव्हती.