पुंडलिकाचं नाव घेताय, तर गोष्ट पहिल्यापासून सांगा

जून उजाडला की हा मेसेज उगवतोच. यंदा आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या, आणि शेवटी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर, आणि तिथे ज्यांचे अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहून दिलेत अशा दोघांनी त्यावर हात जोडलेले इमोजी टाकले, तेव्हा मात्र राहवलं नाही. मेसेज थोडक्यात असा: वृद्धांचा छळ हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, तिकडे आईबापांना वृद्धाश्रमात टाकतात म्हणून युनोला १५ जूनचा दिवस पाळावा लागतो, आपण श्रावणबाळ-पुंडलिकाच्या मातीतले, आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, आता हेच लोक आंतरराष्ट्रीय करार करून आपल्या घरात घुसणार, मुला-सुनेला जेलमध्ये टाकणार, तेव्हा घरची गोष्ट घरातच मिटवा आणि संस्कृतीचा अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा.

दहा जणांना पाठवणार नाही, पण उत्तर देतो. रिटायर झाल्यापासून संघात बसून, मुलं सांभाळत नाहीत अशा ज्येष्ठांचे प्रांत ऑफिसला जायचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे थोडं पाहिलंय.

सुरुवात पुंडलिकापासूनच करू. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक गोष्टीचा शेवटच ऐकलाय. आम्हाला आजीने सांगितलेली गोष्ट अशी की हा पुंडलिक आधी आईबापांना छळायचा, बायकोचं ऐकून त्यांना राबवायचा, ते वैतागून काशीला निघाले तर हा बायकोला घेऊन घोड्यावर बसून त्याच वाटेने निघाला आणि म्हातारी माणसं पायी, शिवाय मुक्कामाला घोड्यांचं खरारा-पाणी त्यांच्याकडूनच. मग कुक्कुटस्वामींच्या आश्रमात गंगा-यमुना-सरस्वतीने त्याला सुनावलं, तेव्हा डोळे उघडले, आणि मग ती वीट, मग विठोबा. म्हणजे ज्या गोष्टीवर अख्खं पंढरपूर उभं आहे तिची सुरुवातच आईबापांच्या छळापासून होते. आपल्या पूर्वजांना हे चांगलं ठाऊक होतं आणि ते लपवत नव्हते, लपवाछपवी आत्ताची आहे.

आता "पाश्चात्त्यांचा रोग". या विषयाला वैद्यकीय पत्रिकेत पहिल्यांदा नाव मिळालं ते ब्रिटनमध्ये, १९७५ साली, आजीला मारहाण अशा अर्थाच्या मथळ्याच्या एका पत्रात, तेवढं खरं. पण बीपीचं मशीन ज्याने आधी विकत घेतलं त्यालाच बीपी आहे असं कोणी म्हणतं का? मोजायला लागल्यावर काय दिसलं बघा. २०१७ मध्ये २८ देशांतले ५२ अभ्यास एकत्र करून बघितलं, तर साठीच्या पुढच्या साधारण दर ६ जणांत एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला सामोरं जावं लागलेलं निघालं. आपल्याकडे देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या लासी नावाच्या, वयस्कर माणसांच्या देशभरच्या पाहणीत साधारण ५ टक्के ज्येष्ठांनी वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. त्याआधी २०११ साली महाराष्ट्रासह ७ राज्यांत युनोच्या लोकसंख्या निधीने पाहणी केली होती, तिथे साठीनंतर कधी ना कधी छळ झाल्याचं सांगणारे ११ टक्के होते.

यावर ग्रुपवर लगेच एक काका म्हणाले की बघा, ५ टक्केच, म्हणजे आपण चांगलेच की. काका, पाहणीवाला येतो तेव्हा आजी बाहेरच्या खोलीत बसलेली असते आणि सून चहा घेऊन येते, अशा घरांतून शंभरात पाचजण हो म्हणाले तर ते पाच मला जास्त वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २४ प्रकरणांतलं एकच कुठे तरी नोंदलं जातं. आणि २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे साठीच्या पुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, त्याचे ५ टक्के काढले तरी पन्नास लाखांच्या वर जातात, गुणाकार ज्याचा त्याने करावा.

वृद्धाश्रमाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याच्यामुळे लोक चुकीच्या जागी बघत बसतात. वृद्धाश्रमात ठेवलं म्हणजे छळ आणि घरात ठेवलं म्हणजे सेवा, इतकं सोपं गणित केलंय. वृद्धाश्रमांत सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही, संस्थांमधले आकडे तर घरापेक्षा वाईट आहेत. पण छळाची जी व्याख्या आज जगभर चालते ती ब्रिटनमधल्या एका संस्थेने १९९५ मध्ये केली आणि २००२ च्या टोरोंटो जाहीरनाम्यात घेतली गेली, तिच्यात वृद्धाश्रम हा शब्दच नाही. तिच्यात आहे विश्वासाचं नातं. ज्याच्यावर भरवसा ठेवावा अशा माणसाने काही केलं, किंवा करायला हवं ते केलं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला इजा किंवा त्रास झाला, की तो छळ. एकदा झाला तरी छळच.

या व्याख्येने आपल्या आजूबाजूला बघा जरा. पेन्शन आजीच्या नावावर आणि एटीएम कार्ड मुलाच्या खिशात. मोतीबिंदूचं ऑपरेशन "दिवाळीनंतर बघू" म्हणत तीन दिवाळ्या. पाहुणे आले की आत जाऊन बसा. फोनचा रिचार्ज संपलाय तो मुद्दाम मारायचा नाही म्हणजे मुलीला फोन जाणार नाही. आणि वर "साठी बुद्धी नाठी" म्हणून सही कुठे करायची ते बोटाने दाखवायचं. यातलं काहीच वृद्धाश्रमात घडत नाही, फोर बीएचकेमध्ये घडतं, देवघर असलेल्या. जपान बघा, तिथे वृद्धांच्या छळाविरुद्धचा कायदा २००६ पासून लागू आहे आणि सरकार दरवर्षी आकडे छापतं, घरातल्या प्रकरणांत त्रास देणारा म्हणून सगळ्यात वर असतो तो मुलगा, आणि त्रास होणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त त्याच एका माणसाबरोबर घरात राहत असतात. आईबापाला मान देण्यात जपान आपल्यापेक्षा कमी पडतो असं तर मेसेजवालाही म्हणणार नाही.

बरं, त्या टोरोंटो जाहीरनाम्याच्या मागे ८ देशांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बसून केलेला अभ्यास होता, तुम्हाला कशाला छळ वाटतो असं त्यांनाच विचारलेलं. अर्जेंटिना, ऑस्ट्रिया, ब्राझील, कॅनडा, केनिया, लेबनॉन, स्वीडन, आणि हो, भारत. मारहाण-पैसा तर आलंच, पण अपमान, हिडीसफिडीस हासुद्धा वेगळा प्रकार म्हणून त्यात आला. म्हणजे व्याख्या परदेशातून आली असं म्हणताना तिच्या मागच्या अभ्यासात आपल्या आज्या-आजोबांचं बोलणंही आहे हे विसरू नका.

पुढचा मुद्दा, पाश्चात्त्य देश करार लादणार. इथे तर हसूच आलं. म्हाताऱ्यांच्या हक्कांचा विषय युनोत पहिल्यांदा आणला अर्जेंटिनाने, १९४८ मध्ये. १९८२ ला व्हिएन्नात आणि २००२ ला माद्रिदमध्ये मोठमोठे आराखडे झाले, पण ते कोणावरही बंधनकारक नाहीत. २०१० मध्ये युनोत या विषयावर एक कार्यगट नेमला. २०१२ मध्ये बंधनकारक कराराच्या दिशेने जायचं का यावर महासभेत मतदान झालं तर बाजूने ५४, विरोधात ५, आणि तब्बल ११८ देश तटस्थ, आणि विरोधातल्या त्या पाचांत कोण तर अमेरिका आणि कॅनडा! ज्यांच्यावर लादल्याचा आरोप आहे तेच ब्रेक दाबून बसले होते. दरम्यान लॅटिन अमेरिकेतले देश थांबले नाहीत, २०१५ मध्ये, तेही १५ जूनलाच, त्या खंडाचा स्वतःचा करार झाला. आफ्रिकन युनियनने २०१६ मध्ये प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार केला, त्यात म्हाताऱ्या बायकांवर चेटकीण म्हणून होणारे आरोपसुद्धा घेतलेत, आणि तो प्रश्न युरोपातून आलेला नाही हे डाकीण ठरवून मारलेल्या बायकांच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला तरी कळायला हवं. एप्रिल २०२५ मध्ये युनोच्या मानवाधिकार परिषदेने बंधनकारक कराराचा मसुदा करायला गट नेमायचं ठरवलं, ठराव पुढे आणणारे अर्जेंटिना, ब्राझील, गांबिया, फिलिपीन्स आणि स्लोव्हेनिया. यात एक स्लोव्हेनिया सोडला तर मेसेजमधले "पाश्चात्त्य" कुठे आहेत ते मला दाखवा.

एका गोष्टीत मी मेसेजवाल्याच्या बाजूचा आहे. हे सगळं फार म्हणजे फारच सावकाश चाललंय. कार्यगट नेमल्यापासून मसुद्याला सुरुवात करायचं ठरेपर्यंत चौदा वर्षं, तेवढ्यात आमच्या संघाची अर्धी सभासद यादी बदलली. आणि १५ जूनला हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायचे, त्याने कोणाचं एटीएम कार्ड परत मिळत नाही, तेही मान्य. पण सावकाश चाललंय म्हणून ओरडा ना, घरातच मिटवा कशाला म्हणता.

"मुला-सुनेला जेल" हा मुद्दा पटकन उरकतो. जेलचं कलम युनोने नाही, आपल्या संसदेने केलंय, २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हिमाचलने तर त्याच्याही आधी, २००१ मध्ये स्वतःचा कायदा केला. आपल्या लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून आईबापाच्या खात्यात टाकला, तो काय जिनिव्हाहून आदेश आला होता? उलट प्रांतांच्या न्यायाधिकरणात आधी समेट घडवायचा प्रयत्न करायची सोय कायद्यातच आहे, नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे, निर्वाह भत्ता महिन्याला जास्तीत जास्त १०,०००. पुण्या-मुंबईत त्यात औषधं आणि कामवाली बाई पण बसत नाही, भीती वाटायचीच तर याची वाटू द्या.

आणि शेवटचा, "घरची गोष्ट, बाहेरच्या देशांचा काय संबंध". अहो, तुमचं घरच बाहेरच्या देशात गेलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये चौदा फ्लॅट, त्यातल्या सहा घरांतली मुलं न्यू जर्सी, सिडनी, दुबई अशी पसरलेली. याच २००७ च्या कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे, आणि सहाव्या कलमात लिहिलंय की मुलगा परदेशात असेल तर केंद्र सरकार ठरवेल त्या यंत्रणेमार्फत समन्स बजावायचं. म्हणजे कायद्यालाच मान्य आहे की दुसऱ्या देशाने हात दिल्याशिवाय हे पुढे सरकत नाही. माझ्याकडे एक आजोबा आले होते, मुलाने परदेशातून कुलमुखत्यारपत्र करून घेऊन इथला फ्लॅट विकायला काढला, आजोबा राहत असतानाच. अर्ज मी लिहिला, पण समन्स पोचायचं कसं यावर महिने गेले आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर "बाबा, तुम्ही पण ना" म्हणून हसायचा. स्वतःचे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या प्रौढांचं संरक्षण देशांनी एकमेकांत कसं करायचं, कुठल्या देशाचा निर्णय कुठे चालेल, यासाठी हेगमध्ये २००० साली एक करार झालाय, २००९ पासून लागू आहे. भारत त्यात नाही. मेसेजला उत्तर म्हणून माझी एकच मागणी असेल तर ही की भारताने त्यात जावं.

डिजिटल अरेस्टचं तर बोलायलाच नको. पुण्यातल्या रिटायर्ड माणसाला खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर बसवून एफडी मोडायला लावतो, फोन करणारा पुष्कळदा म्यानमार नाहीतर कंबोडियातल्या फसवणुकीच्या अड्ड्यात बसलेला असतो. तो पकडायला आमच्या चौकीचे हवालदार जाणार का?

ज्यांनी इमोजी टाकले त्या दोघांसाठी दोन कामाच्या गोष्टी. बक्षीसपत्र करताना "मी हयात असेपर्यंत माझी देखभाल करावी या अटीवर" हे वाक्य कागदात घालाच, २००७ च्या कायद्याचं २३ वं कलम त्याच्यावरच उभं आहे, ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की न्यायाधिकरण घराचा ताबाही परत द्यायला लावू शकतं. वकील म्हणेल गरज नाही, तरी घाला. दुसरं म्हणजे १४५६७, सरकारी एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८. आमच्या संघातल्या एका आजींनी तो नंबर "गॅसवाला" म्हणून सेव्ह केलाय, घरात त्यांचा फोन बघतात म्हणून.