मौनाचा आवाज वाढवा

परवाच्या रविवारी चर्चमध्ये भर भक्तीत मला सुनावण्यात आलं, "यंत्र बंद पडलंय तुमचं!" यंत्र ठणठणीत होतं. मौन प्रार्थना चालू होती.

चर्चच्या मिक्सरवर, म्हणजे माइकचे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसणारा माणूस काही बिघडलं तरच लोकांना दिसतो. तासभर आधी येऊन पाळकसाहेबांच्या कॉलर माइकमध्ये दोन नवे पेन्सिल सेल घालायचे, कारण जुने नेमके अर्ध्या संदेशात (प्रवचनात) मान टाकतात. मग 'हॅलो, वन-टू-थ्री'. तेही फसवं. तपासणीला पाळकसाहेब पुटपुटतात आणि संदेशात गरजतात, म्हणून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, आधीच खाली ठेवावा लागतो. रिकाम्या दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो. माणसं बसली की त्यांचे कपडे तो पिऊन टाकतात. गायनमंडळातलं कुणी माइक घेऊन स्पीकरपुढे गेलं की माइक स्पीकरचंच ऐकतो, तेच परत स्पीकरला सांगतो, आणि शिट्टी! सगळ्या माना माझ्याकडे. माइक घेऊन फिरणाऱ्याकडे एकही नाही.

यात भक्तीपूर्वीच्या प्रार्थनेला उरतात दोन मिनिटं. त्यातही मी मनात केबली मोजतो. देवाकडे मागणं एकच: लाइट जाऊ नये.

तर, पापांगीकारानंतर (पापं कबूल करायच्या प्रार्थनेनंतर) मौन. दहाएक सेकंद झाले असतील. तिसऱ्या बाकावरचे काका उठले आणि काठी टेकत, टक्-टक्, मधल्या वाटेने थेट माझ्यापाशी.

"आवाज येत नाहीये."

"काका, मौन आहे."

"ते कळतंय हो. पण काहीच ऐकू येत नाही! मागे तो कीबोर्ड वाजायचा बघा हळू. नाहीतर मनात भलतंसलतं येतं."

(पापं आठवायलाच तर ते मौन ठेवलेलं असतं.)

"नारायण वामन टिळकांना होता का माइक? नुसत्या टाळ-मृदंगावर भजनं!"

ख्रिस्ती कवी टिळक 1919 साली गेले. त्यांच्या डोक्यावर बारा पंखे घरघरत नव्हते आणि भिंतीपलीकडे रिक्षास्टँड नव्हता. पण हे मौनात कसं सांगणार?

"तुमचा सगळा भरवसा यंत्रावर. जरा देवावर टाका," असं म्हणून काका वळले, दोन पावलं गेले, परत आले. "आणि संदेशाला आवाज वाढवा."

राग आला, पण त्यातला निम्मा स्वतःवरच. काका उठायच्या आधी माझंही बोट फेडरवर, आवाज वाढवायच्या सरकत्या बटणावर, गेलं होतं.

कमिटीने आता ठरवलंय, पुढल्या रविवारपासून मौनाला कीबोर्डची मंद साथ. त्यासाठी लागणारी केबल मात्र अजून मंजूर झालेली नाही.