बटन मधात आलं बाप्पा!

आमच्याकडं एखाद्या वस्तूवर मत द्यायला ती वस्तू वापरलेली असावी लागते, असा काही नियम नाही. उलट वापरणारा माणूस थोडा दबकतच बोलतो. ज्यानं आयुष्यात माऊसला हात लावला नाही, त्याचं मत मात्र एकदम ठाम असतं.

दारव्हा रोडवर, एसटीच्या थांब्यासमोर माझं दुकान आहे. पाटीवर ‘झेरॉक्स’ लिहिलंय, पण झेरॉक्सवर कोणाचं पोट भरते? सातबारा, आठ-अ, पीकविमा, पोट्ट्यांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिका. गिऱ्हाईक बसावं म्हणून बाहेर एक बाक टाकला होता. आता त्यावर गिऱ्हाईक सोडून बाकी सगळं गाव बसते.

या बाकावर मी एक दिवस सांगितलं, की १४ ऑक्टोबर २०२५ ला दुकानातल्या कम्प्युटरच्या विंडोज १० चा सपोर्ट संपते, म्हणून मशीन बदलावं लागणार. सोयाबीन सोंगून खळ्यावर पडलेलं, दिवाळी तोंडावर आलेली. असा मुहूर्त काढणाऱ्याच्या घरी एक एकर सोयाबीन असतं, तर त्यानं ही तारीख निदान होळीवर ढकलली असती.

“बंद पडलं का थे?” आबाजींनी विचारलं.

“नाही, चालू आहे.”

“मंग बदलवतं कायले?”

इथून पुढं समजावणं म्हणजे शिक्षाच. मी म्हटलं, मशीन चालूच राहणार, फक्त तिच्यात चोर शिरायची जी भोकं सापडतात, ती बुजवायला कंपनीकडून यापुढं काही येणार नाही. आबाजींनी दुकानात इकडंतिकडं नजर फिरवली आणि म्हणाले, “चोरानं तुह्या इथून न्यायचं काय?” बाकावरची मंडळी हसली. मीही हसलो, कारण उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, की अर्ध्या गावाची आधार आणि बँक पासबुकं याच डब्यात स्कॅन होऊन पडली आहेत. पण ते मोठ्यानं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी आलं नसतं.

रेल्वेतून रिटायर झालेले काका एवढा वेळ खर्रा घोटत गप्प होते. विषय यंत्राचा निघाला की ते शकुंतला या आमच्याकडच्या जुन्या रेल्वेगाडीवर येतात, आणि त्यांना थांबवायची आमच्यात कोणाची टाप नाही. “यवतमाळ-मूर्तिजापूर,” त्यांनी सुरुवात केली. “इंजिन १९२१ चं. मँचेस्टरात बनलेलं. १९२३ ले गाडीले लागलं, थे १९९४ च्या एप्रिलात उतरवलं. सत्तर वर्सं! थ्याले कोणता सपोर्ट होता रे?”

“काका, तेव्हा गाडीला व्हायरस नव्हता.”

“नव्हता कसा? म्हशी होत्या ना रुयावर.”

यावर कोणत्याही सॉफ्टवेअर इंजिनिअरनं बोलून दाखवावं.

यवतमाळच्या मेकॅनिकनं माझं जुनं मशीन उघडून पाहिलं आणि डॉक्टर पेशंटच्या बायकोला बाहेर बोलावतो तसं मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊ, यात टीपीएम नाही.” विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा पाहिजे. टीपीएम म्हणजे कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी एक चिप. ही चार अक्षरं बाकावर पोचेपर्यंत त्यांचा आजार झाला होता. “कम्प्युटरले टीपीएम झालं म्हणते,” अशी बातमी मला संध्याकाळी पिठाच्या गिरणीवरून परत मिळाली. तब्येत विचारायला दोघं जण आलेसुद्धा. एक वर्षाची मुदतवाढ घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, हेही मी सांगून पाहिलं. त्यावर आबाजींचा निकाल एका वाक्यात आला: “म्हणजे सोसायटीच्या कर्जासारखं, जुनं नवं करणं.” त्यांना जे कळायचं ते बरोबर कळते.

अमरावतीला इंजिनिअरिंग करणारा भाचा त्याच आठवड्यात घरी आलेला. तो लिनक्सचा माणूस. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टीम. “मामा, फुकट हाय, अन् याच जुन्या मशीनवर पयते!” मग १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या पोरानं ते कसं सुरू केलं, केरळातल्या सरकारी शाळांमध्ये ते कसं चालते, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं ‘बॉस’ नावाचं देशी लिनक्स कसं काढलं, हे सगळं त्यानं जेवताना सांगितलं. त्याची मामी पोळ्या वाढत वाढत ऐकत होती. तिला फुकट हा शब्द आवडला.

खरं सांगतो, मलाही आवडलं. दोन दिवस मशीन वाऱ्यासारखं पळालं. मग एक म्हातारी पैसे काढायला आली. अंगठा लावायचं माझ्याकडं जे मशीन आहे, त्याला लिनक्स कोण ते ओळखता येईना. भाचा रात्रभर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टंकत बसला. सकाळी म्हणाला, “होते मामा, फक्त थोडं कंपाइल करा लागते.” म्हातारीला कंपाइल सांगता येत नाही. गावात सगळं अंगठ्यावर चालते, रेशन, पेन्शन, जिवंत असल्याचा दाखला. लिनक्सची बाजू खरी असेल, पण अंगठा दुसऱ्या पार्टीत होता. भाचा रुसून अमरावतीला गेला आणि मी नवं मशीन आणलं.

ते सुरू केलं तर पहिलंच काम म्हणून त्यानं इंटरनेट मागितलं, मग ई-मेल मागितला, मग पासवर्ड. घरात नवीन सून आली तरी पहिल्या दिवशी एवढं विचारत नाही. मधात लाईन गेली. लाईन आली तेव्हा त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

आणि मग पडदा उघडला, तर डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटन नाही.

आता ज्यांचा हात पडलाय त्यांनाच हे कळेल. विंडोज ९५ पासून ते बटन डाव्या कोपऱ्यात होतं. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढूनच टाकलं. तेव्हा जगभर एवढी बोंब झाली, की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये गपचूप परत आणून ठेवलं. त्यानंतर माणसाला वाटलं, सुटलो. तर ११ मध्ये ते उचलून मधात आणून बसवलं, तेही एका जागी स्थिर नाही. जितक्या खिडक्या उघडाव्या तितकं ते डावीकडं सरकते. डोळ्यांना ते दिसत होतं, पण हात ऐकायला तयार नव्हता. माऊस धरला की तो कोपऱ्यात जाऊन रिकाम्या जागेवर टिचक्या मारायचा.

मागं उभं राहून सांगणारे होतेच. “बुडाले पाह्य.” “वर गेलं असन.” “बटन मधात आलं बाप्पा, तुले दिसत नाही का?” हे शेवटचं वाक्य सहावीतल्या पोट्टीचं. तिनं माझ्या हातातून माऊस घेतला, सेटिंगमध्ये टास्कबार शोधला आणि बटन डावीकडं नेऊन ठेवलं. हे असं करता येते, हे मला माहीत होतं, पण ते तिच्यासमोर कोण म्हणणार? तिचं मत विचारलं तर म्हणाली, “मधातच भारी दिसत होतं.”

उजव्या क्लिकची कथा सांगत नाही. कट, कॉपीसाठी तिथं आता चित्रं आली आहेत, आणि कागदाला कागद चिकटलेल्या त्या चित्राला काय म्हणावं, यावर बाकावर अजून एकमत नाही.

खरी फजिती झाली पत्रिकेची. माझ्या सगळ्या जुन्या पत्रिका कृतिदेव फॉन्टमध्ये. मी टायपिंग शिकलो ते मराठी टाइपरायटरवर, आणि कृतिदेवची बटनं तशीच रेमिंग्टनच्या वळणाची, म्हणून ते सुटत नाही. आता या फॉन्टची गंमत अशी, की आत मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं, आणि वरून मराठीचं सोंग. फॉन्ट मशीनवर नसला की सोंग उतरते, आणि ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी रांग उभी राहते. मुलीचे वडील शेजारी बसलेले, आणि मी पत्रिका उघडली. श्रीगणेशापासून आहेराच्या ओळीपर्यंत सगळी इंग्रजी खिचडी. त्यांनी बराच वेळ पाहिलं, गळ्यातला दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, “भाऊ, पोरगी इंग्रजी शाळेत होती हे खरं हाय. पण पत्रिका मराठीतच राहू दे.”

फॉन्ट पेन ड्राइव्हवर होता. टाकला, पत्रिका माणसात आली. भाचा फोनवर म्हणतो, युनिकोडमध्ये टाइप करत जा मामा, त्यात आतही मराठीच असते. तो म्हणतो ते बरोबरच आहे, म्हणून जास्त राग येतो.

मोबाईलवाल्यांचं वेगळंच. आबाजींना पोरानं पुण्याहून नवा फोन पाठवला. त्यांची तक्रार एकच, टॉर्च कुठं आहे. शेतीची लाईन येते रात्री, मोटर सुरू करायला वावरात जावं लागते, पायाखाली काय आहे ते दिसलं पाहिजे. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ला डोक्यावरच टॉर्च होता, आणि अंधारात आंधळ्यालाही बटन सापडत होतं. नव्यात काच वरून खाली ओढा, मग चित्र शोधा, तोवर नेमकं मुलीचं नाव दाबलं जाऊन यवतमाळला फोन लागतो. रात्री दोनला बापाचा फोन आला की तिकडं रडारड. अंगणवाडीच्या ताईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आमचं मत आम्ही २०२१ लेच देलं ना भाऊ.” त्या साली राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत नेऊन दिले होते. गरम होते, अडकते, आणि ॲप इंग्रजीत. नवं नको म्हणायची एवढी सरळ पद्धत बाकावरच्या एकाही पुरुषाला सुचलेली नाही.

सगळं मार्गी लागल्यावर आबाजी सातबारा काढायला आले. मशीन नवं म्हणून मुद्दाम उभं राहून पाहिलं. कागद निघाला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

“माह्या भावाचं नाव अजून हायेच याच्यावर.”

“आबाजी, ते तहसीलातून निघते. कम्प्युटर बदलून कसं निघणार?”

“मंग एवढे पैसे कायच्यासाठी घातले?” असं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली, जुन्याच भावानं पैसे काढून टेबलावर ठेवले, आणि बाकावर जाऊन विंडोज ११ बद्दलचं आपलं मत द्यायला बसले.