‘विंडोज १० बंद, कॉम्प्युटर भंगार’ हा मेसेज पुढे पाठवू नका

परवा पारोळ्याहून मामांचा फोन आला. त्यांचं कृषी केंद्र आहे. खता-बियाण्याची सगळी उधारी २०१६च्या लॅपटॉपवर. आवाज घाबरलेला. “आते हाई मशीन भंगारमा दी टाकू का रे भाऊ?”

त्यांना आलेला मेसेज मग मलाही तीन ग्रुपवर दिसला. म्हणणं असं: विंडोज १० बंद झालं, कॉम्प्युटर आता चालणार नाही. नवीन सिस्टीम टाकणं इंजिनिअरचं काम, मध्येच लाइट गेली तर मदरबोर्ड जळतो. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टीमवर, मराठी येत नाही. म्हणून खालच्या लिंकवरून ‘ॲक्टिव्हेटेड’ विंडोज ११ फुकट घ्या, आणि आधी अँटिव्हायरस बंद करा.

पहिलं साफ खोटं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पानावर लिहिलंय: १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे अपडेट थांबतात, मशीन चालूच राहतं. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत अपडेटही मिळतात.

मदरबोर्ड जळत नाही. लाइट गेली तर इन्स्टॉल अर्धवट राहतं. पेनड्राइव्ह लावून पुन्हा पहिल्यापासून करायचं. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, अपडेट करताना वीज जाणं खरंच धोक्याचं असतं, ती भीती इथे आणून चिकटवलीय. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून लोकांना हे लगेच पटतं. लॅपटॉपची बॅटरी भरून बसा, झालं.

आता ती लिंक. माझा खरा संताप इथे आहे. अँटिव्हायरस बंद करायला का सांगतात? चालू असेल तर तो फाइल पकडेल म्हणून! ॲक्टिव्हेटरला, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, तुम्ही ‘यस’ दाबून संपूर्ण मशीनचा ताबा देता. त्याच मशीनवर मामांचे बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले आहेत. कुणी अनोळख्याने बदललेल्या विंडोजमध्ये काय घातलंय ते तुम्हाला-मला दिसत नाही. आणि चोरीची कॉपी हवीच कशाला? मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मूळ विंडोज घेता येतं. मशीनवर आधी अस्सल विंडोज चालू झालेलं असेल तर तीच आवृत्ती पुन्हा टाकताना परवान्याचा नंबर (प्रॉडक्ट की) विचारत नाही, परवाना त्या मशीनशी जोडलेला असतो. मामांचं मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाही, हे खरं. तिथे लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार चालतो. ४ जीबी रॅम पुरते.

इंजिनिअर लागतो का? मी मामांच्या दुकानात स्टुलावर बसलो, कीबोर्ड त्यांच्या हातात. पेनड्राइव्हवरून मिंट आधी नुसतं चालवून पाहिलं. डिस्कला हात लागत नाही. मग भाषा, कीबोर्ड, डिस्क, नाव, पासवर्ड. मामा दोनच ठिकाणी अडले. पेनड्राइव्हवरून सुरू करायची कळ कुठे एफ १२, कुठे एफ ९, प्रत्येक कंपनीची वेगळी. ती लॅपटॉपवर छापायला काय हरकत आहे? दुसरं, ‘डेटा जातो’ या भीतीत तथ्य आहे. डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला तर डी ड्राइव्हसुद्धा जातो, कारण तो बहुधा त्याच डिस्कचा तुकडा असतो. उधारीच्या एक्सेल फायली आम्ही आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. त्या आता लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडतात.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मात्र विंडोजवरच राहावं. मराठीचं म्हणाल तर सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड निवडा, टायपिंग सुरू. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फायली तेवढ्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या मराठीत, बदलाव्या लागतील.

रविवारी मी पारोळ्याला दुकानावर आहे. ज्यांनी ती फाइल चालवलीय त्यांनी आधी मोबाइलवरून बँकेचे पासवर्ड बदला, लॅपटॉपचं नेट बंद करा, मग मशीन घेऊन या.