‘किती पॅक्स?’ ‘एक.’ ‘एकच?’

‘स्मॉल ग्रुप’ अशी जाहिरात करायची ना, मग खाली माणसांचा आकडा छापा. बस्स, एवढंच मागणं आहे. दिवाळीपासून युरोपच्या टूर बघतेय. प्रत्येक ब्रोशरवर ‘स्मॉल ग्रुप’, ‘एक्स्क्लुझिव्ह ग्रुप’, ‘प्रीमियम ग्रुप’ असं सोनेरी अक्षरांत झळकतंय, आकड्याचा मात्र पत्ता नाही. फोन करून विचारलं की पलीकडचा पोरगा म्हणतो, "छोटाच असतो मॅडम, एकदम फॅमिलीसारखा." अरे पण किती? "थर्टी, थर्टी-फाइव्ह. मॅक्झिमम फॉर्टी." चाळीस माणसांची फॅमिली माझ्या आजोबांच्या वाड्यातसुद्धा नव्हती!

आणि ज्या शहरांत हे आपल्याला नेणार, त्यांनी हा हिशेब केव्हाच करून टाकलाय. व्हेनिसने २०२४ पासून टूर ग्रुपवर २५ जणांची मर्यादा घातली, वर लाउडस्पीकरवरही बंदी आणली. ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती भागात गाइडबरोबर फिरणाऱ्यांसाठी तर २०२० पासून १५ ची मर्यादा आहे. म्हणजे तिथल्या पालिकांच्या लेखी जी गर्दी, ती आमच्याकडे ‘स्मॉल’. मग व्हेनिसमध्ये काय करता, असं विचारलं तर उत्तर तयार: "तिथे दोन बॅच करतो मॅडम." टूर मॅनेजर एकच. दुसऱ्या बॅचने तोवर सान मार्कोच्या चौकात कबुतरं मोजायची.

लहान ग्रुप हवा हे माझं काही नाकाने कांदे सोलणं नाही. आईला घेऊन मोठ्या ग्रुपबरोबर युरोप केलंय, तेव्हा काय हाल होतात ते बघितलंय. हायवेवर थांबा आला की चाळीस माणसं टॉयलेटच्या दिशेने धावतात. तिथे नाणं टाकल्याशिवाय फाटक उघडत नाही. निम्म्यांकडे सुटे युरो नसतात, कुणाचं नाणं अडकतं, कुणी काका एका नाण्यात दोघांना आत सरकवायचा प्रयत्न करतात आणि तिथली बाई ओरडते. वीस मिनिटांचा थांबा तासावर जातो. मग तो तास भरून काढायचा कुठून? तर संध्याकाळी ज्या गावात पायी फिरायचं होतं, ते गाव बसच्या काचेतून दाखवून. याला त्यांच्या भाषेत ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणतात. ड्रायव्हरला दोष नाही हो. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायचा कायदा आहे, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवताही येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण हे तुम्हाला टूर आखताना माहीत नसतं का? पॅरिस ते इंटरलाकन सहाशे किलोमीटर, वाटेत शॉपिंग, वाटेत ‘फोटो स्टॉप’, आणि सातच्या ठोक्याला इंडियन डिनर. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यात देशांचा आकडा फुगवायला लिख्टेनश्टाइन आणि व्हॅटिकन घालायचे. व्हॅटिकन अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही, पण ब्रोशरमध्ये तो एक अख्खा देश!

बरं, हे सगळं जोड्यांनाही भोगावं लागतं. खरी मजा एकटीने बुकिंग करायला जाण्यात आहे.

पहिला प्रश्न: "किती पॅक्स?" (पॅक्स म्हणजे त्यांच्या भाषेत माणसं.) एक. "एकच?" त्या ‘च’मध्ये जो काही भाव असतो ना! "मिस्टर नाही येणार?" मिस्टर नाहीत. मग दोन सेकंद शांतता, आणि आवाज एकदम हळवा: "ओह, सॉरी हं मॅडम." अरे सॉरी कशाला? मी लग्न केलं नाही, कुणी गेलं-बिलं नाही. बँकेत नोकरी करते, माझ्या रजा आहेत, माझे पैसे आहेत, मला रोम आणि फ्लॉरेन्स नीट बघायचंय. यात हळवं होण्यासारखं काय आहे?

मग येतो तो आकडा. टूरची किंमत साडेतीन लाख. पण ती ‘ट्विन शेअरिंग’ची, म्हणजे दोघांत एक खोली धरून, खाली चिमुकला फुलीचा तारा. एकटीला खोली हवी तर ८५ हजार जास्त. टूरमधल्या रात्री अकरा. करा भागाकार: रात्रीला पावणेआठ हजारांच्या घरात. आणि ही पूर्ण खोलीची किंमत नव्हे बरं का, फक्त दुसऱ्या रिकाम्या पलंगाची! माझ्या पलंगाचे पैसे आधीच साडेतीन लाखांत गेलेत. हॉटेल खोलीमागे भाडं घेतं, माणसामागे नाही, हे मला कळतं. म्हणून थोडे जास्त द्यायला माझी ना नाही. पण त्या रिकाम्या पलंगावरचं माणूस नाश्ता करणार आहे का? मग ते ८५ हजार नेमके कशाचे, याचा हिशेब मागितला की "कंपनी पॉलिसी आहे मॅडम." आणि या रकमेवरही जीएसटी लागतो, टीसीएस म्हणजे आगाऊ वसूल केलेला इन्कम टॅक्स लागतो. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे अडकतात माझेच ना.

एवढे जास्त पैसे मोजून खोली कशी मिळावी? युरोपातल्या जुन्या हॉटेलांत ‘सिंगल रूम’ हा खास प्रकार असतो. एक अरुंद पलंग, भिंतीला चिकटलेलं टेबल, बॅग उघडली की दारापर्यंत जायला पलंगावरून जावं लागतं. खिडकी असलीच तर स्वयंपाकघराच्या धुराड्यावर उघडणारी. मागच्या टूरमध्ये एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना प्रत्येक मुक्कामी अशीच खोली. आम्ही मायलेकी दोघी मिळून ऐसपैस खोलीत आणि त्या जास्त पैसे भरून कोंबडीच्या खुराड्यात. म्हणजे दुप्पट भाडं आणि निम्मी जागा. या व्यवहाराला आपल्याकडे एक सरळ शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही.

नको असेल सिंगल, तर शेअरिंगला तयार व्हा म्हणे. मी तयार आहे हो! अनोळखी बाईबरोबर राहायला माझी काही हरकत नाही, हॉस्टेलात वर्षं काढलीत. पण त्यातली मेख अटींच्या बाराव्या पानावर: पार्टनर मिळाली नाही, तर निघण्यापूर्वी सिंगलचा फरक भरावा लागेल. शोधायची जबाबदारी त्यांची, नाही सापडली तर दंड मला. आणि हे कळणार कधी? डिपॉझिट भरलेलं, व्हिसाची फाइल गेलेली, रजा मंजूर, म्हणजे हात बांधल्यावर. आणखी एक पिल्लू त्याच पानावर: लहान ग्रुपला पुरेशी माणसं जमली नाहीत तर मोठ्या ग्रुपमध्ये ‘मर्ज’ करण्याचा हक्क कंपनीकडे राखीव. आणि लहान ग्रुपचे म्हणून घेतलेले जादा पैसे? "क्रेडिट नोट मिळेल मॅडम, नेक्स्ट टूरला वापरा." इथे हीच टूर धड ठरेना, पुढची कुठून आणू?

परदेशातल्या काही कंपन्या १२ ते १६ जणांचे ग्रुप काढतात. आकडा वेबसाइटवर उघड लिहिलेला असतो. एकट्या बाईला दुसऱ्या बाईबरोबर, एकट्या पुरुषाला दुसऱ्या पुरुषाबरोबर खोली देतात. जोडीदार जुळवणं त्यांचं काम, आणि नाही जुळला तरी वेगळे पैसे मागत नाहीत. म्हणजे हे जमतं! त्या टूरमध्ये विमान धरलेलं नसतं, बरीच जेवणं आपली आपण करायची असतात, बॅग आपली आपण ओढायची असते, सगळं कबूल. पण व्यवहार तरी सरळ. आमच्याकडे हे सांगितलं तर ऐकवतात, "मॅडम, तिकडे पोहे मिळणार नाहीत." नकोत मला लूसर्नमध्ये पोहे! रविवारी घरी करून खाते मी.

हॉटेल कुठे आहे, हा तर एकट्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचंच उत्तर कुणी देत नाही. ‘पॅरिस येथे मुक्काम’ म्हणजे बहुतेकदा चार्ल्स द गॉल विमानतळाजवळ, शहरापासून पंचवीस किलोमीटर. ‘व्हेनिस’ म्हणजे खाडीअलीकडच्या जमिनीवरचं मेस्त्रे, तेही नशीब असेल तर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे माँतेकातीनी, म्हणजे चाळीसेक किलोमीटर लांब. यादीत हॉटेलचं नाव असतंच असं नाही, ‘अथवा तत्सम’ मात्र हमखास असतं. जोडप्यांना एक वेळ चालतं. रात्री आठला खोलीवर सोडलं तरी गप्पा मारायला कुणीतरी असतं. एकटीने हायवेच्या कडेच्या हॉटेलात बसून काय करायचं? समोर पेट्रोल पंप आणि फर्निचरचं गोडाऊन. मला संध्याकाळी फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठाने चालायचंय, एखाद्या चौकात कॉफी घेऊन तासभर नुसतं बसायचंय. त्यासाठी हॉटेल गावात हवं, आणि गावातलं हॉटेल चाळीस माणसांच्या बसला परवडत नाही. इटलीतल्या जुन्या गावांत तर मोठी बस मध्यापर्यंत नेताच येत नाही. म्हणून ग्रुप किती जणांचा हे मी पुन्हा पुन्हा विचारते रे बाबा, तुला छळायला नाही!

बसमधली जागा हा आणखी एक डोक्याला शॉट. "तुम्ही एकट्याच ना? मग जरा मागे बसता का? या दोघांना एकत्र बसायचंय." लग्नाला तीस वर्षं झालीत, अडीच तास वेगळे बसले तर काय बिघडणार आहे? उलट बरंच वाटेल दोघांना. रोज जागा बदलायचा ‘सीट रोटेशन’चा नियम एकट्याच्या बाबतीत नेहमी मागेच फिरतो. स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस शिखरावर शाहरुख-काजोलचा कटआउट आहे. तिथे जोडप्यांची रांग लागली होती आणि आमच्या शिक्षिकाबाई बर्फात उभ्या राहून एकामागून एक सगळ्यांचे फोटो काढत होत्या. ग्लोव्हज काढून, कारण फोनला बोट लागायला हवं. त्यांचा फोटो काढू का, असं विचारायला कुणी आलं नाही. शेवटी आईने मला ढकललं.

"मग तुम्ही वुमन्स स्पेशलला का जात नाही?" हेही ठरलेलं. जातात बायका, मजा करतात, मैत्रिणी करून येतात, आनंद आहे. तिथे शेअरिंगची अडचणही कमी. पण मला थीमचे कपडे घालून गाला नाइटला नाचायचं नाही, आणि रिकाम्या वेळात ‘चला बायांनो, सगळ्या इकडे!’ हे ऐकायचं नाही. पुरुष तर आणखीनच अडकलेत. आमच्या सोसायटीतले एक काका, काकू गेल्यावर पहिल्यांदाच टूर शोधत होते. त्यांच्यासाठी ‘जेंट्स स्पेशल’ नाही, शेअरिंगला कुणी सापडलं नाही. मुकाट्याने सिंगलचे पैसे भरून गेले.

‘गुगल कर आणि एकटी जा’ असा सल्ला देणाऱ्या भाचरांनी कृपया गप्प बसावं. येतं मला गुगल. पण शेंगेनची, म्हणजे युरोपच्या व्हिसाची, फाइल एकदा स्वतः करून बघा: प्रत्येक रात्रीचं बुकिंग, ३० हजार युरोंचा विमा, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, ९० युरो फी, वर सेंटरचा चार्ज. नाकारलं तर फी परत नाही. आणि नकाराच्या छापील कारणांत एक असं की तुम्ही मुदत संपण्याआधी परत जाल याबद्दल रास्त शंका आहे. नवरा नाही, मुलं नाहीत, म्हणजे ही बाई तिकडेच राहील, अशी शंका खिडकीपलीकडच्याला आली तर? तीस वर्षांची नोकरी, पेन्शन आणि गुडघे धरून बसलेली आई सोडून मी मिलानमध्ये काय भांडी घासायला राहणार आहे? त्यापेक्षा ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी करावं, मी त्याचे रीतसर पैसे देईन. सोय विकत घ्यायची म्हणूनच तर टूर! आणि रात्री जेवताना समोर चार माणसं असली तर मला आवडतं. चाळीस नाही. चार.

परवा शेवटी त्या पोराला चार प्रश्न लिहूनच पाठवले. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती माणसं? हॉटेलांची नावं काय आणि प्रत्येक हॉटेल शहराच्या मध्यापासून किती लांब? सिंगलचे पैसे भरले तर खोली डबल मिळेल की सिंगल? पार्टनर तुम्ही शोधू शकला नाहीत तर फरक तुम्ही सोसणार का? दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी: आयफेल टॉवरचं चित्र, त्यावर हार्ट, खाली ‘अर्ली बर्ड ऑफर, फक्त रविवारपर्यंत! दहा हजारांची सूट, प्रति जोडी.’