ती किटली आता चुलीवरून उतरवा

‘प्रत्येक मोठा शोध एकाच अलौकिक डोक्यातून निघाला, बाकीच्यांनी नुसती नक्कल केली. म्हणून मुलांना दुसऱ्याचं बघून काही करू देऊ नका.’ हा फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. मी सोडून दिलं असतं, पण माझ्या बहिणीनं तो मनावर घेतला. भाची मैत्रिणीचं बघून कागदाचं विमान करत होती, तर हिनं हातातला कागदच काढून घेतला!

पुरावा काय, तर किटलीचं झाकण उडताना पाहून जेम्स वॅटला वाफेचं इंजिन सुचलं. अहो, १७१२ सालीच न्यूकमेन नावाच्या माणसाचं वाफेचं इंजिन खाणीतलं पाणी उपसत होतं. वॅट जन्मला १७३६ मध्ये! १७६३-६४च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकमेन इंजिनाचं छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. त्यात वाफेनं सिलिंडर तापायचा, मग आत गार पाणी मारून तो निववायचा, की पुढच्या फेरीला पुन्हा तापवणं आलंच. बरीचशी वाफ त्यातच खर्ची पडायची. हे त्याला खटकलं आणि १७६५ मध्ये वाफ गार करायला वेगळं भांडं ठेवायची युक्ती सुचली. ती युक्ती त्याचीच, हे कबूल. पण दुसऱ्याचं इंजिन खोलून बसल्यावर सुचलेली. पुढेही पिस्टनच्या, म्हणजे सिलिंडरात सरकणाऱ्या दट्ट्याच्या, कडेनं वाफ गळायचीच. तोफा कोरण्यात मुरलेल्या विल्किन्सननं सिलिंडर नेमका कोरून दिला, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं.

एडिसनच्या दिव्याबद्दल फार बोलत नाही. इंग्लंडात स्वानही त्याच सुमारास तेच करत होता. टेलिफोनसाठी बेल आणि एलिशा ग्रे यांचे कागद पेटंट कार्यालयात एकाच दिवशी पोचले, १४ फेब्रुवारी १८७६ला. ऑगबर्न आणि थॉमस या अभ्यासकांनी १९२२ मध्ये असे एकाहून अधिक जणांनी स्वतंत्रपणे लावलेले १४८ शोध यादी करून छापलेत. आता हे सगळे एकमेकांचे नक्कलखोर म्हणायचे का?

‘चांगली कल्पना आपोआप पसरते’ हेही त्या फॉरवर्डात आहे. ब्रिटिश नौदलातल्या लिंड या डॉक्टरनं १७४७ मध्ये संत्री-लिंबं देऊन खलाशांचा स्कर्व्ही (हिरड्यांतून रक्त येणारा आजार) बरा करून दाखवला. ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. आपोआप म्हणे!

बहिणीला हे सगळं पाठवलंय. आणि तो कागद उघडून बघ म्हटलंय: शेपटाला एक घडी आहे, ती मैत्रिणीच्या विमानात नव्हती.